झिजलेल्या इंजिनावर पैसा कोठे घालावा?

1 जून ते 31 जुलै या काळातील मासेमारी बंदी जवळ आली की बोटी वर ओढण्याची तयारी सुरू होते आणि त्याबरोबरच इंजिनाच्या दुरुस्तीविषयीचे प्रश्नही येऊ लागतात. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी चार निवडले आहेत. इंजिन जुने आहे, नवीन घेणे परवडणारे नाही आणि हाताशी असलेली रक्कम कमी आहे, ही परिस्थिती बहुतेकांची आहे.

प्रश्न : आमच्या लाकडी ट्रॉलरवर अशोक लेलँडचे सहा सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन आहे. सकाळी थंड असताना ते सुरू होण्यास वेळ घेते आणि सुरू झाल्यावर काही वेळ पांढरा धूर येतो. जाळे ओढताना काळा धूर पडतो, ऑइलही पूर्वीपेक्षा जास्त लागते. मेकॅनिकने ‘फुल इंजिन’, म्हणजे क्रँकसह सगळे इंजिन खोलून दुरुस्त करण्यास सांगितले आहे. आमच्याकडे यंदा 70 हजार रुपयांपलीकडे रक्कम नाही. मे महिन्याच्या अखेरीस बोट वर घेणार आहोत. काय करावे?
— एक वाचक, हर्णै, जि. रत्नागिरी

उत्तर : आपली बोट अजून पाण्यात आहे, ही या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. बोट एकदा वर घेतली, शाकारली आणि इंजिन खोलले की ते भाराखाली कसे चालत होते हे पाहण्याची संधी निघून जाते. मग मेकॅनिकला अंदाजावर काम करावे लागते आणि अंदाजावर केलेले काम नेहमीच ‘फुल इंजिन’कडे झुकते. त्यात मेकॅनिकचा लोभ असतोच असे नाही. नेमके काय झिजले आहे हे ठाऊक नसेल तर सगळेच बदलणे त्यालाही सुरक्षित वाटते. म्हणून बंदीपूर्वीच्या उरलेल्या फेऱ्यांमध्ये पुढील तपासण्या करून घ्या. त्यांना जवळजवळ खर्च नाही.

प्रथम काळ्या धुराकडे पाहू. काळा धूर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे, किंवा डिझेल नीट फवारले जात नाही, किंवा इंजिनावर त्याच्या ताकदीबाहेरचा भार आहे. यांपैकी एकाही कारणासाठी पिस्टन झिजलेला असावा लागत नाही. जाळे ओढत असताना इंजिनखोलीचे झाकण पूर्ण उघडून पाहा. धूर लक्षात येईल इतका कमी झाला तर खोलीत हवा येण्याची वाट अपुरी आहे आणि उपाय सुताराकडे आहे. त्यानंतर एअर फिल्टर पाहा. मग जाळे न टाकता मोकळ्या समुद्रात पूर्ण रेस देऊन इंजिन मिनिटाला ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते का, हे फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरवर तपासा. पोहोचत नसेल तर केबल ओढल्यावर पंपाचा लिव्हर खरोखर शेवटपर्यंत जातो का ते पाहावे, आणि बोट वर आल्यावर तळावर व पंख्यावर (प्रोपेलरवर) किती शंख-शिंपले बसले आहेत ते पाहावे. कधीकाळी तुटलेल्या पंख्याच्या जागी मिळेल तो मोठ्या पिचचा (पात्यांना जास्त पीळ असलेला) पंखा बसवला असेल, तर नवे इंजिनसुद्धा काळा धूर सोडील.

थंड असतानाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. इंजिन गरम झाल्यावर तो नाहीसा होत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा दाब) कमी आहे किंवा नोझल (डिझेल फवारणारी टोके) खराब आहेत, असे दोनच मुख्य संशय उरतात. धूर थांबत नसेल आणि गोड्या पाण्याच्या टाकीतील पातळीही घटत असेल, तर मात्र पाणी सिलिंडरमध्ये जात आहे. त्या स्थितीत हेड (सिलिंडरांवरचे झाकण) काढण्यावाचून पर्याय नाही.

आता कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधा. इंजिन गरम करून कमी रेसवर ठेवावे आणि डिझेल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरच्या प्रेशर पाइपचा नट थोडा सैल करावा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो, तो सिलिंडर आपला वाटा उचलत आहे. ज्याच्याने काहीच फरक पडत नाही, तो आधीच निकामी आहे. हे करताना नटाभोवती फडके गुंडाळावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि सुटलेल्या धारेसमोर हात कदापि आणू नये. या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि तशी जखम बाहेरून क्षुल्लक दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते.

यानंतर ऑइल भरण्याचे झाकण उघडून ब्रीदरकडे (इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीकडे) लक्ष द्या. हलकी वाफ दिसणे स्वाभाविक आहे. भपकाऱ्यांनी धूर ठोक्याबरोबर बाहेर ढकलला जात असेल तर पिस्टनवरील रिंगांच्या बाजूने गॅस खाली उतरत आहे. त्यासोबत कॉम्प्रेशन गेज लावून सहाही सिलिंडरांचे आकडे एका कागदावर लिहून घ्या. इंजिन गरम, बॅटरी भरलेली आणि डिझेल बंद असावे. उत्पादकाच्या पुस्तकातील आकड्याशी तुलना करावीच, पण त्याहूनही सिलिंडरा-सिलिंडरांतील फरक बोलका असतो. तो 10 ते 15 टक्क्यांहून अधिक असेल तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा लायनरचा (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याचा). वाढला नाही तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केटचा. चमचाभर म्हणजे चमचाभरच, कारण डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर उरणारी जागा फार थोडी असते आणि ती ऑइलने भरली तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

शेवटची तपासणी ऑइलच्या दाबाची. इंजिन पूर्ण गरम असताना कमी रेसवरही दाब उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत राहत असेल, तर क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि बेअरिंग बहुधा ठीक आहेत. ‘हाफ इंजिन’ (क्रँक न काढता केलेले काम) की ‘फुल इंजिन’ हा निर्णय मुख्यतः याच आकड्यावर घ्यावा, कारण क्रँक काढायची म्हणजे इंजिन बोटीतून उचलावे लागते आणि खर्चाचा मोठा भाग तेथेच जातो. ऑइलचा गेज जुना असेल तर एक चांगला गेज लावून खात्री करून घ्यावी.

या नोंदी हाती आल्यावर बहुतेक वेळा तीनपैकी एक चित्र दिसते. कॉम्प्रेशन सगळीकडे सारखे आणि समाधानकारक असेल, तर इंजेक्टर काढून पंपाच्या वर्कशॉपमध्ये टेस्टिंग मशीनवर लावून घ्यावेत. फवारा धुक्यासारखा यावा, उघडण्याचा दाब नेमका असावा आणि टोकाशी थेंब लोंबकळू नये. इंजेक्टरची बॉडी तीच ठेवून फक्त नोझल बदलता येते. त्यासोबत टॅपेट सेटिंग (व्हॉल्वची फट जुळवणे) आणि दोन्ही डिझेल फिल्टर एवढ्यावर काम भागते. एक-दोन सिलिंडरच कमी असतील आणि दोष व्हॉल्वचा असेल, तर हेड काढावे, व्हॉल्व ग्राइंडिंग पेस्टने सीटवर बसवून घ्यावेत आणि हेडला तडा आहे का ते तपासावे. त्यासाठी लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर यांचे स्प्रे मिळतात. लाल रंग पुसून पांढरा थर दिला की व्हॉल्वच्या दोन सीटांमधली केसाएवढी चीरही लाल रेघ होऊन वर येते. हेडची पातळी सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) पाहावी आणि हेड वाकलेले असेल तरच ते मशीनवर घासावे.

सगळेच सिलिंडर कमी असतील, ब्रीदर धूर टाकत असेल आणि ऑइलही जात असेल, तर ‘हाफ इंजिन’ टळणार नाही. पण तेथेही आधी मोजावे. लायनरची झीज सर्वत्र सारखी नसते. वरची रिंग जेथून उलट फिरते त्या पट्ट्यात ती सर्वाधिक असते, आणि त्याच्या थोडे वर, जेथे रिंग पोहोचतच नाही, तेथे मूळ माप शिल्लक असते. नख वरून खाली ओढले तर या दोहोंमधली पायरी हाताला लागते. बोअर गेजने (आतला व्यास मोजण्याच्या साधनाने) त्या पट्ट्यात क्रँकच्या दिशेने आणि त्याच्या आडवे अशी दोन मापे घ्यावीत. त्यांतील फरक म्हणजे लायनर किती लांबट झाला आहे ते कळते. झीज उत्पादकाच्या मर्यादेत असेल तर वरची पायरी काढून, हलके होनिंग (आतून बारीक घासणे) करून नव्या रिंग घालता येतात. मर्यादेबाहेर असेल तर केवळ रिंग बदलणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे आहे, कारण गोल रिंग लांबट लायनरमध्ये बसतच नाही आणि काही महिन्यांत ऑइल पुन्हा जाऊ लागते. रिंग घालण्यापूर्वी ती लायनरमध्ये न झिजलेल्या भागात ठेवून तिच्या टोकांमधील फट अवश्य मोजावी. ठोकळ मानाने 100 मिलिमीटर व्यासाला 0.3 ते 0.4 मिलिमीटर फट लागते. पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा.

आपल्या रकमेतून कोठे वाचवावे आणि कोठे वाचवू नये, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. इंजिन धुणे, कार्बन खरवडणे, पाइप व टाकी साफ करणे ही कामे घरच्या माणसांनी खलाशांना हाताशी घेऊन करावीत. व्हॉल्व, हेड, पिस्टन मोजून चांगले निघाले तर तेच पुन्हा वापरावेत. मात्र हेड गॅस्केट, रिंग, समुद्राच्या पाण्याच्या बाजूचे रबरी होज आणि त्यांचे क्लिप, तसेच उत्पादकाने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट यांत जुना किंवा बिनछापाचा माल चालवू नये. हेड टॉर्क रेंचनेच आवळावे.

आणि सर्वांत आधी काही रक्कम इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या व्यवस्थेसाठी बाजूला ठेवावी, कारण लायनर जास्त उष्णतेने झिजला असेल आणि ती तशीच राहिली तर नवा लायनरही त्याच वाटेने जाईल. इम्पेलर (पंपातील पाणी ढकलणारे रबरी चक्र) बदलावा. हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्यांमधील क्षार लाकडी किंवा पितळी सळीने काढावेत, लोखंडी सळी घालू नये. आणि बाजारातील साधे ॲसिड ओतण्याचा मोह टाळावा, कारण ते क्षाराबरोबर तांबेही खाते. आतली झिंकची कांडी निम्मी उरली असेल तर बदलावी.

नव्या रिंग घातल्यावर इंजिन तासन्‌तास कमी रेसवर चालू ठेवून ‘बसवण्याची’ पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ती सोडून द्यावी. भार नसताना रिंग लायनरवर पुरेशा दाबल्या जात नाहीत, लायनरला काचेसारखी चकाकी येते आणि ऑइल पुन्हा वर जाऊ लागते. इंजिन गरम झाल्यावर मध्यम भार द्यावा, रेस बदलत राहावी, पूर्ण भार मात्र सुरुवातीला देऊ नये, आणि पहिले ऑइल व फिल्टर नेहमीपेक्षा बरेच लवकर बदलावेत.

प्रश्न : माझ्या छोट्या होडीचे दोन सिलिंडरचे इंजिन आता दुरुस्तीपलीकडे गेले आहे. मुंबईत दारूखान्याला मोडीत निघालेल्या जहाजाच्या लाइफबोटीचे इंजिन स्वस्तात मिळते आहे. विकणारा म्हणतो की ते ‘जवळजवळ न चाललेले’ आहे. घ्यावे का?
— एक वाचक, रेवदंडा, जि. रायगड

उत्तर : विकणाऱ्याचे म्हणणे खरे असू शकते. लाइफबोटीचे इंजिन बहुतेक वेळा केवळ चाचणीपुरते, थोडा वेळ आणि भाराशिवाय चालवलेले असते, त्यामुळे त्याचे लायनर आणि क्रँक चांगल्या स्थितीत सापडतात. परंतु न चालणे हाही इंजिनाला होणारा त्रासच आहे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात रिंग खाचेत चिकटतात, सील कडक होतात, पंपात जुने डिझेल घट्ट होते आणि एक्झॉस्टच्या वाटेने दमट हवा शिरून एखाद्या उघड्या व्हॉल्वखालच्या लायनरवर गंज धरतो.

म्हणून इंजिन पाहायला जाताना ते आधी सुरू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला सांगावे. पोहोचल्यावर हाताने स्पर्श करून ते थंड असल्याची खात्री करावी. डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधील दाब सोडणारा) असेल तर तो उचलून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावेत. कोठेही अडता कामा नये. लिव्हर सोडल्यावर प्रत्येक सिलिंडरपाशी हाताला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. ऑइलची काडी काढून ऑइल दुधाळ आहे का ते पाहावे. शंका असल्यास एक थेंब तापलेल्या तव्यावर टाकावा. तडतडला तर ऑइलात पाणी आहे. नव्या रंगाने भुलू नये आणि नट-बोल्टच्या कडांवर पान्याच्या ताज्या खुणा असतील तर कशासाठी उघडले होते ते विचारावे. यानंतर थंड इंजिन समोर सुरू करून घ्यावे.

हे सगळे ठीक निघाले तरी माझा निर्णय दोन गोष्टींवर अवलंबून राहील. पहिली, त्या इंजिनाचे इम्पेलर, नोझल, गॅस्केट आणि रिंग भारतात मिळतात का. परदेशी जहाजावरून उतरलेल्या अनेक इंजिनांचे भाग येथे मिळत नाहीत आणि मग एका साध्या सीलसाठी होडी हंगामात उभी राहते. पैसे देण्यापूर्वी प्लेटवरील मॉडेल क्रमांक घेऊन सुट्या भागांच्या दुकानात चौकशी करावी. दुसरी, त्या इंजिनाचा गिअर बॉक्स आणि त्याचे रिडक्शन (फेरे कमी करण्याचे प्रमाण) आपल्या पंख्याला जुळते का. न जुळल्यास पंखा आणि कदाचित शाफ्टही बदलावा लागेल आणि स्वस्ताई तेथेच संपेल. खरेदीचे बिल इंजिन क्रमांकासह घ्यावे आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडील नौकेच्या नोंदणीत इंजिनाचा बदल वेळेत करून घ्यावा. नोंदीतील इंजिन आणि होडीतील इंजिन वेगळे निघाले तर पुढे तपासणीच्या वेळी अडचण येते.

प्रश्न : पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या आमच्या होडीवर जुनी आउटबोर्ड मोटर आहे. तिची मागची पाण्याची धार अलीकडे बारीक झाली आहे. मोटर चालते, पण गरम होते. सर्व्हिसिंगचा खर्च पुढच्या हंगामावर ढकलता येईल का?
— एक वाचक, मालवण, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : नाही, एक दिवसही ढकलू नये, विशेषतः होडीत प्रवासी असतात म्हणून. दुरुस्ती बहुधा लहान आहे. प्रथम धार बाहेर पडते ते भोक बारीक तारेने मोकळे करून पाहावे, कारण तेथे मिठाचा खडा किंवा वाळू अडकली असेल तर आत पाणी पुरेसे असूनही धार बारीक दिसते. तरी फरक पडला नाही तर खालचा पाय उतरवून इम्पेलर बदलावा. त्याची पाती वाकलेल्या स्थितीत कडक झाली असतील किंवा एखादे पाते तुटले असेल. तुटलेला तुकडा सापडेपर्यंत काम संपले असे समजू नये, तो पुढे जाऊन पाण्याची वाट बंद करतो. इम्पेलरबरोबर तो ज्यात फिरतो ते भांडे आणि खालची प्लेट यांवर खोल चरे आहेत का पाहावे. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकावा. उघडला नाही तर नवा घ्यावा, पण काढून टाकून मोटर तशीच चालवू नये. यापुढे दिवसाचे काम संपल्यावर मोटर गोड्या पाण्यावर काही मिनिटे चालवण्याचा नियम ठेवल्यास आतले मीठ साचणार नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी बंदीच्या काळात इंजिनाचे पूर्ण काम करून घेतले. इंजिन उत्तम चालते, परंतु बोट पाण्यात गेल्यापासून थरथर वाढली आहे आणि शाफ्टच्या ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तेथे पाणी अडवणाऱ्या भागातून) पाणी जास्त येते. त्यातील पॅकिंग दोनदा बदलले. मेकॅनिक इंजिन पुन्हा खोलू म्हणतो.
— एक वाचक, डहाणू, जि. पालघर

उत्तर : इंजिन खोलू नये. आपण दिलेली लक्षणे अलाइनमेंट चुकल्याची, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसल्याची आहेत. इंजिन उचलून परत बसवले तेव्हा बोट किनाऱ्यावर टेकूंवर उभी होती. लाकडी बोट किनाऱ्यावर एका आकारात बसते आणि पाण्यात उतरल्यावर, फळ्या भिजून फुगल्यावर आणि टाकी, बर्फ व जाळी यांचे वजन आल्यावर, दुसऱ्या आकारात बसते. त्यामुळे वर जुळवलेली कपलिंग (गिअर बॉक्स आणि शाफ्ट यांना जोडणाऱ्या चकत्या) खाली जुळलेली राहीलच असे नाही. वाकडा फिरणारा शाफ्ट ग्लँडमधील पॅकिंग एका बाजूने खातो. म्हणून पॅकिंग कितीही वेळा बदलले तरी पाणी थांबत नाही. ते अधिक घट्ट आवळल्यास शाफ्टवर चर पडते आणि मग शाफ्टचाही खर्च येतो. चांगल्या ग्लँडमधून शाफ्ट फिरत असताना थेंब-थेंब पाणी यायलाच हवे, त्यानेच पॅकिंग थंड राहते.

बोट पाण्यात काही दिवस राहिल्यावर, नेहमीचे वजन ठेवून आणि इंजिन बंद करून कपलिंगचे बोल्ट काढावेत. शाफ्टचे स्वतःचे वजन खाली लोंबते, त्यामुळे तो हाताने किंवा दोरीने अलगद उचलून मध्यावर धरावा. दोन्ही तोंडे एकमेकांजवळ आणून वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार जागी फीलर गेजने फट मोजावी. नंतर गिअर बॉक्सकडील कपलिंग न हलवता फक्त शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजावी. मोठी फट शाफ्टबरोबर जागा बदलत असेल तर शाफ्ट वाकडा आहे किंवा त्याची कपलिंग चुकीची बसली आहे. फट आहे तेथेच राहिली तर इंजिनाची बैठक हलवावी लागेल. सुमारे 100 मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगवर सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान फट यांतील फरक 0.1 मिलिमीटरच्या आत आणावा. माउंटिंगखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालून किंवा काढून हे साधते. त्यासाठी लागतो तो एक फीलर गेज, अर्ध्या दिवसाचा वेळ आणि घाई न करणारा माणूस. माउंटिंगचे रबर ऑइलने फुगलेले असेल तर आधी ते बदलावे, नाहीतर जुळवलेले माप आठवडाभरात पुन्हा हलेल. मग कपलिंगचे बोल्ट समान आवळावेत, पॅकिंग नवे घालावे आणि पहिल्या लांब फेरीवरून आल्यावर चारही फटी पुन्हा मोजाव्यात.